स्की रिसॉर्टवर हंगामी काम: लिफ्टवर जावं की भाड्याच्या दुकानात?

वाटसरू

नमस्कार मंडळी. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या एका मध्यम आकाराच्या स्की रिसॉर्टकडून डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या हंगामासाठी दोन ऑफर आल्या आहेत. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. कामाचा परवाना हातात आहे, त्यामुळे व्हिसाची चर्चा नको.

पहिली ऑफर लिफ्ट ऑपरेटरची. आठवड्याला ४ दिवस, रोज १० तास. स्टाफ हाउसिंगमध्ये खाट नक्की, भाडं पगारातून कापणार. दुसरी रेंटल शॉपमध्ये, म्हणजे स्की आणि बूट भाड्याने देण्याच्या दुकानात. ५ दिवस, रोज ८ तास. तासाचा दर थोडा जास्त, पण खाटेसाठी प्रतीक्षा यादी.

स्कीइंग म्हणाल तर सोप्या उतारावर वळता आणि थांबता येतं, एवढंच. थंडीचं भय नाही, कंबर मात्र अधूनमधून कुरकुरते. दोन्हीकडे दिवसभर हाताने नेमकं काय करावं लागतं? स्वतःच्या स्कीइंगला वेळ कुठे जास्त मिळतो? निघताना जवळ पैसे किती हवेत आणि कपडे कोणते? आणि लोक हंगाम अर्धवट टाकून का जातात? "छान अनुभव असतो, बिनधास्त जा" छापाचे सल्ले कृपया नकोत :)

दोरखंड

लिफ्टबद्दल लिहितो, दुकानाबद्दल जाणकार सांगतीलच.

आधी एक विचारून घ्या: तुम्हाला कोणत्या प्रकारच्या लिफ्टवर ठेवणार? चेअरलिफ्ट दोन जातीच्या. एकीत खुर्ची दोराला कायमची पक्की असते. ती साधारण सेकंदाला २ ते २.५ मीटर वेगाने येते आणि माणूस बसतानाही तिचा वेग कमी होत नाही. दुसरीत खुर्ची स्टेशनात दोरावरून सुटते, हळू होते, माणसं बसली की पुन्हा दोर पकडते आणि वर ५ मीटरच्या आसपासच्या वेगाने जाते. दुसरी दिसायला मोठी आणि भीतिदायक, पण ऑपरेटरच्या अंगाला पहिलीच जास्त लागते. कारण तिथे येणारी प्रत्येक खुर्ची हाताने धरून तिचा झोका मोडावा लागतो, नाहीतर ती बसणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळते. बाजूला उभं राहायचं, खुर्चीची बाहेरची कड धरायची, तिच्याबरोबर एक-दोन पावलं चालायचं आणि सोडायचं. समोर उभं राहून अडवायला गेलात तर आठवड्यात खांदा जातो, कंबर त्याच्याही आधी. शहाणा सुपरवायझर अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदलून देतो. मुलाखतीत हा प्रश्न जरूर विचारा, तुमची कंबर कुरकुरते म्हणताय म्हणून सांगतो.

बाकी कामात फावडं पहिलं आणि बटणं नंतर. लिफ्ट सुरू होण्याच्या तासभर आधी हजर व्हायचं. रात्री बर्फ पडला असेल तर खुर्च्या झटकायच्या, चढायच्या जागेची आणि वरच्या उतरत्या रॅम्पची डागडुजी करायची. चढायच्या जागी बर्फाची पातळी अशी हवी की खुर्चीची कड मोठ्या माणसाच्या गुडघ्यामागे लागेल. दिवसभर शेकडो स्की घासून तिथला बर्फ खरवडला जातो, पातळी खाली जाते आणि दुपारपर्यंत खुर्ची लहान मुलांच्या पाठीला लागायला लागते. म्हणून दुपारी परत भर टाकायची. वरच्या रॅम्पचं दुखणं वेगळं: उन्हाने पृष्ठभाग वितळतो, सावली आली की काच होते, आणि उतरणारे एकामागून एक आडवे होतात. त्यामुळे सावली यायच्या आत दाताळं मारून तो खरबरीत करून ठेवतात. आडवे झाल्यावर मारण्यात अर्थ नाही.

आता बटणं. तीन असतात: हळू, थांबा आणि आणीबाणी. नवीन माणसाची चूक ठरलेली. एखादं मूल खुर्चीच्या कडेवर अर्धवट बसलेलं दिसतं, याला वाटतं धावून आत ढकलू. तोवर खुर्ची सहा-सात मीटर पुढे गेलेली असते आणि मूल जमिनीपासून उंच. नियम उलटा आहे: आधी 'थांबा', मग धाव. शंका आली तरी थांबवा, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलाला हाताने धरून चालत्या खुर्चीबरोबर जायचं नाही. आणीबाणीचं बटण या कामासाठी नाही. त्याने ब्रेक जोरात लागतो आणि अख्ख्या रांगेतल्या खुर्च्या झोके खातात. साधा थांबा चालला नाही किंवा दोर उलटा सरकायला लागला तर ते. लिफ्ट ज्याने थांबवली त्याने "मोकळं आहे" असं फोनवर सांगितल्याशिवाय दुसऱ्या टोकाने सुरू करायची नाही, मग रांग कितीही ओरडो.

वरच्या टोकाचा माणूस निवांत दिसतो, पण त्याची नजर पट्ट्यांवर हवी. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा खुर्चीत अडकला की माणूस उतरायच्या जागी उतरत नाही, लोंबकळत पुढे जातो. म्हणून खालीच पिशवी मांडीवर घ्यायला लावतात आणि काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायला सांगतात. वर नजर चुकलीच तर उतरण्याच्या जागेपुढे एक आडवी दांडी किंवा तार असते, तिला धक्का लागला की लिफ्ट आपोआप थांबते. रोज सकाळी ती हाताने ढकलून तपासायची. तिच्यावर बर्फ गोठून बसला असेल तर ती नसल्यासारखीच.

मफलर, लोंबणारी नाडी, मोकळे लांब केस चालत नाहीत. दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकाजवळचा बर्फ लिफ्ट चालू असताना काढायचा नाही, ती बंद करून कुलूप लावून मगच.

चौथं_बकल

दोरखंड यांनी लिफ्टचं चित्र नीट मांडलंय. दुकानात थंडी नाही, पण कंबरेला तिथेही सुटका नाही. गर्दीच्या सकाळी ८ ते १० या वेळात माणूस शंभरदा वाकतो: बूट घाल, बकल लाव, काढ, दुसरा नंबर आण. एक गुडघा टेकून बसायची सवय लावा आणि गवंडी वापरतात तसे गुडघ्याचे पॅड घ्या. कमरेतून वाकणारे जानेवारीत पट्टा बांधून फिरतात.

खरं काम बाइंडिंगचं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना योग्य वेळी सोडणारा सांधा. तो किती जोर आल्यावर सुटेल हा आकडा दुकानात लावला जातो. चुकला तर दोन प्रकारे अंगाशी येतो: जास्त लावला तर पडताना स्की सुटत नाही आणि पाय किंवा गुडघा पिळला जातो. कमी लावला तर वेगात असताना विनाकारण सुटते.

आकडा तक्त्यावरून काढायचा, अंदाजाने नाही. लागतं काय: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि ग्राहक कसा स्की करतो. प्रकार १ सावकाश, २ मध्यम, ३ आक्रमक. तक्त्यात वजनाची एक ओळ मिळते आणि उंचीची एक. त्या वेगळ्या आल्या तर वरची, म्हणजे कमी आकड्याची ओळ धरायची. ७२ किलो वजन आणि १६० सेंटीमीटर उंची असेल तर उंचीची ओळ जिंकते. प्रकार २ असेल तर एक ओळ खाली, ३ असेल तर दोन. वय ५० किंवा जास्त, अथवा ९ किंवा कमी असेल तर एक ओळ वर. मग बुटाच्या तळाचा रकाना. तळ लांब असेल तर आकडा कमी येतो, कारण लांब तरफेला तेवढाच पीळ द्यायला जोर कमी लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की तक्ता पाठ नसला तरी ढोबळ चूक डोळ्याला खुपते.

इथेच नवीन मुलं घोळ घालतात. बुटाचा नंबर २६.५ म्हणजे पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये. तळाची लांबी वेगळी असते, ३०५ वगैरे, आणि ती टाचेच्या बाजूला कोरलेली किंवा छापलेली असते. तक्त्याला ती लागते, २६५ नाही. ग्राहकाने बूट बदलला की तळाची लांबी बदलते आणि पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं. घाईत हेच राहून जातं.

आकडा बरोबर लावूनही काम संपत नाही. टाचेचा भाग पुढे-मागे सरकवून बुटाला मागून किती दाब बसतोय ते बघावं लागतं. त्याची खूण असते, ती दिलेल्या पट्ट्यात आली पाहिजे. ती बाहेर असेल तर पुढचा आकडा नुसता शोभेचा. शिवाय तळांचे प्रकार: जुना सपाट कडक तळ, चालायला सोपा ग्रिपवॉक आणि डोंगर चढण्याचे टूरिंग बूट. प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळाला चालत नाही. बाइंडिंगवर काय लिहिलंय ते वाचा. बूट "बसला" याचा अर्थ "सुटेल" असा होत नाही.

आणि वजन. चारचौघांत मोठ्याने विचारलं की लोक कमी सांगतात. फॉर्म हातात द्या, लिहू द्या, सही घ्या. कौशल्य मात्र फुगवून सांगतात, विशेषतः बरोबर मित्र असतील तर. "मी प्रकार ३" म्हणणाऱ्याला फॉर्मवरचं वर्णन वाचून दाखवा, निम्मे स्वतःहून २ वर येतात.

बूट बसवताना: पायमोजा एकच आणि पातळ. दोन घातले की घडी पडते, दाब वाढतो, रक्त कमी पोचतं, आणि मग "बूट थंड आहेत" अशी तक्रार घेऊन दुपारी परत. आतल्या थर्मल पँटची कडही बुटात जाता कामा नये. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे पुढे वाकवले की मागे यावीत. चप्पलसारखा आरामात बसणारा बूट दोन नंबर मोठा असतो.

संध्याकाळी परत आलेले बूट जंतुनाशक मारून कोमट हवेच्या नळ्यांवर वाळवायचे, स्कीच्या कडा घासायच्या, तळाला मेण लावायचं. कडांना हात लावताना हातमोजा घाला, नवीन धारेने बोट कापल्याचं आधी कळतही नाही.

चुलीपाशी

वरचे दोन्ही प्रतिसाद सोन्यासारखे, पण धागाकर्त्याने एक वाक्य सहज लिहून टाकलंय आणि माझ्या मते सगळा निर्णय त्यातच आहे: "खाटेसाठी प्रतीक्षा यादी."

स्कीच्या गावात हंगामात खोली मिळत नाही, मिळाली तर तासाच्या दरातला तो "थोडा जास्त" फरक पहिल्या आठवड्यातच गिळते. खालच्या गावात राहिलात तर सकाळची बस, वादळात बंद रस्ता आणि उशिराची लेखी नोंद. अर्धवट सोडून जाणाऱ्यांत थंडीला कंटाळलेले थोडे, खोलीला आणि पैशाला कंटाळलेले जास्त. खाट नक्की नसेल तर दुकानाला हो म्हणू नका. लेखी मिळाली तर पुन्हा विचार करा.

खाटेबद्दल हे लेखी विचारा: एका खोलीत किती जण, स्वयंपाकघर आहे का की नुसता मायक्रोवेव्ह, अनामत किती आणि ती कशाकशासाठी कापतात, पांघरूण-भांडी आपली की त्यांची. आणि सर्वात महत्त्वाचं, नोकरी सुटली तर खोली किती दिवसांत सोडायची. स्टाफ हाउसिंग नोकरीला बांधलेलं असतं. सुपरवायझरशी भांडण झालं की त्याच आठवड्यात डोक्यावरचं छप्परही जातं, हे सही करताना लोकांच्या ध्यानात येत नाही.

पैसे: पहिला पगार हातात पडायला तीन-चार आठवडे धरा. त्याआधी अनामत, किराणा, बूट. दोन महिन्यांचं भाडं आणि जेवण भागेल एवढी रक्कम वेगळी ठेवून निघा. सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे कॅनडात पगारावर काम करायला लागणारा सरकारी नंबर, पोचताच काढा. तात्पुरत्या रहिवाशांचा नंबर ९ ने सुरू होतो आणि परवान्याच्या तारखेला संपतो, परवाना वाढला तर तोही नूतन करावा लागतो. बर्फ कमी पडला किंवा वारा सुटला की तास कापतात, म्हणून "आठवड्याला ४० तास" हे आश्वासन आहे की अंदाज, ते विचारा. ब्रिटिश कोलंबियात बोलावल्यावर कामावर हजर झालात तर किमान २ तासांचे पैसे द्यावे लागतात. पण आदल्या रात्रीच "येऊ नका" असा निरोप आला तर काही नाही.

वाटसरू

मंडळी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं, आभार. @चुलीपाशी, दुकानवाल्यांना खाटेबद्दल आजच विचारतो. लिफ्ट घेतलीच तर १० तास बाहेर उभं राहायला कपडे नेमके कोणते? आणि स्कीइंगच्या वेळेचं कोणीच बोललं नाही.

उणे_वीस

कपड्यांचं सांगतो. स्की करणाऱ्याचे कपडे आणि उभं राहणाऱ्याचे कपडे वेगळे, दुकानातला विक्रेता तुम्हाला पहिले विकेल.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, सुती काहीही नको. सुती घाम धरून ठेवतं, आणि फावडं मारून घाम आल्यावर पुढचे दोन तास उभं राहायचं असतं. त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर, मग पातळ डाउन, म्हणजे पिसं भरलेलं, जॅकेट, वरचा वाऱ्या-पाण्याचा थर बहुतेक ठिकाणी गणवेश म्हणून मिळतो. फावडं मारायच्या आधी एक थर काढा, थांबलात की घाला. आळस केलात तर अकरा वाजता दात वाजतात.

पाय: आतला नमद्याचा अस्तर-मोजा सुटा निघतो असे जाड बूट, एक नंबर मोठे. घट्ट बूट कितीही महाग असो, पाय गारच राहणार. अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवायचं. आणि फुकटातली युक्ती: उभं राहायच्या जागी प्लायचा तुकडा किंवा जाड रबरी चटई टाका. नाहीतर पायांची ऊब तळव्यातून बर्फ ओढून नेतो.

हात: पातळ आतला मोजा आणि त्यावर चामड्याचा कामाचा मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र असलेला. चामड्याला मेण चोळून गरम करून मुरवलं की पाणी धरत नाही. दोन जोड हवेत, जेवणाच्या सुट्टीत ओला काढून कोरडा घालायचा. गॉगलला ढगाळ दिवसाची फिकट काच वेगळी घ्या. राखाडी उजेडात गडद काचेतून खड्डा आणि उंचवटा सारखाच दिसतो. काच आतून ओली झाली तर पुसू नका, वाफ न धरणारा आतला थर निघून जातो, झटका आणि वाळू द्या.

उणे २० मध्ये एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. नाक, गाल किंवा कानाच्या पाळीवर पांढरा मेणचट डाग दिसला आणि तिथे संवेदना नसली तर आत जा, उबदार तळहात ठेवा. बर्फाने चोळणं हा जुना खुळचटपणा आहे, त्याने कातडी फाटते. आणि थंडीत ऊन विसरतात: दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १०-१२ टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही सनस्क्रीन लावा, भाजतं तिथेच.

दोरखंड

स्कीइंगच्या वेळेचं राहिलंच होतं. लिफ्टवर ४ दिवस काम म्हणजे ३ दिवस पूर्ण मोकळे, आणि ते बहुधा आठवड्याच्या मधले, म्हणजे रांगा नाहीत. नवशिक्याला हे फार मोलाचं. कामाच्या दिवशी मात्र शून्य धरा. काही ठिकाणी दिवसाकाठी एखादी फेरी मारायची सुट्टी देतात, पण बर्फ पडला की तीच पहिली कापली जाते.

ख्रिसमस ते नववर्ष आणि फेब्रुवारीचा तिसरा सोमवार या काळात रजा मागू नका. त्या सोमवारी प्रांताचा फॅमिली डे आणि अमेरिकेचा प्रेसिडेंट्स डे एकाच दिवशी येतात, त्यामुळे दोन्हीकडची गर्दी एकदम. शिकायचं ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. स्टाफला धडे फुकट किंवा सवलतीत असतात, तेव्हा प्रशिक्षकही रिकामे असतात. पहिला खर्च बुटांवर करा, स्की हंगामभर भाड्याने घ्या.

चौथं_बकल

@दोरखंड, थोडा असहमत. दुकानात सकाळची गर्दी ओसरली की दुपारी १२ ते ३ मधे माणसं आळीपाळीने सोडतात. दोन तास रोज मिळाले तर शिकण्याच्या दृष्टीने ते आठवड्याच्या तीन सलग दिवसांपेक्षा बरे, कारण नवशिक्याचे पाय तसेही दोन तासांनी थकतात आणि दुखापती थकल्यावरच होतात. अर्थात विभक्त पाळी, म्हणजे मधे मोठी सुट्टी असलेली पाळी, ऑफरमध्ये लिहिलेली असेल तरच. तोंडी असेल तर तुमचंच म्हणणं खरं.

चुलीपाशी

दुखापतीचा विषय निघालाच आहे तर विमा. कामावर लागलं तर वर्कसेफबीसी, म्हणजे प्रांताचा कामगार अपघात विमा. ड्युटी संपवून स्की करताना गुडघा गेला तर ते तुमचं तुम्ही. प्रांताची आरोग्य योजना लगेच सुरू होत नाही: आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. डिसेंबरमध्ये पोचलात तर फेब्रुवारी संपेपर्यंत, म्हणजे हंगामाचा बराचसा भाग, खासगी विम्यावरच.

तो विमा घेताना चार ओळी शोधा. हिवाळी खेळ वगळलेत का? आखलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग धरलंय का? शारीरिक कष्टाची नोकरी चालते का? उतारावरून खाली आणणं आणि हवाई वाहतूक यांचा खर्च आहे का? साध्या प्रवासी विम्यात यातलं एकतरी हमखास नसतं. काही कंपन्या देश सोडल्यावर नवीन विमा देत नाहीत, तेव्हा निघायच्या आधी.

आणि बंद ठेवलेल्या उताराच्या दोरीपलीकडे जाऊ नका. लिफ्टचा पास जप्त होतो, आणि स्टाफचा पास गेला की बहुतेक ठिकाणी नोकरीही जाते. पास मित्राला वापरायला दिला तरी तेच.

वाटसरू

दुकानाचं उत्तर आलं: खाट १५ जानेवारीनंतर "शक्य". दुपारच्या सुट्टीचं लेखी देत नाहीत. लिफ्टवाल्यांनी सांगितलं की दोन्ही प्रकारच्या लिफ्ट आहेत, नवीन माणसाला आधी जादुई गालिचा, मग इतर. जागा दर ३० मिनिटांनी बदलतात. लिफ्टला हो कळवतोय. हा गालिचा म्हणजे सोपं काम ना?

दोरखंड

अंगाला सोपं, डोळ्याला नाही. तो लहान मुलांना वर नेणारा सरकता पट्टा. वरच्या टोकाला, पट्टा जिथे जमिनीखाली वळतो, तिथे मूल पडून राहिलं तर हातमोजा, नाडी किंवा केस त्या फटीत ओढले जातात. तिथे एक झडप असते, तिच्यावर वजन आलं की पट्टा थांबतो. सकाळी पहिलं मूल यायच्या आत ती पायाने दाबून बघा. खाली बर्फ घट्ट बसलेला असेल तर ती दबत नाही, मग तो खरवडून काढल्याशिवाय पट्टा सुरू करू नका. दर तासाला पुन्हा. मुलांमध्ये अंतर ठेवून सोडा, आणि वरचं मूल बाजूला झाल्याशिवाय खालचं चढवू नका.